बदामाचं तेल : बाटलीवरचं नाव आणि बाटलीतलं तेल



आज एका तेलाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट हजारो वर्षांची आहे, पण मला ती शोधावी लागली आमच्या गटाच्या मागच्या महिन्याच्या बैठकीमुळे.

त्या दिवशी बैठकीत एक विक्रेता आला होता. पिशवीत बदाम तेलाच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर बदामाचं मोठं चित्र. म्हणाला, "ताई, १०० मिलीची बाटली आहे. छापील किंमत १८० रुपये, तुमच्या गटाला ९० ला देतो. दीडशे बाटल्या घ्या, गावोगाव विका, पैसे दुप्पट." म्हणजे १३,५०० रुपये. गटाच्या खात्यावर जवळजवळ तेवढेच होते. एक बाटली उघडून त्याने सगळ्यांच्या हातात फिरवली. ज्या त्या बाईने नाकाला लावली आणि म्हणाली, "काय बदामाचा वास आहे गं!"

खरं सांगते, सगळ्यात आधी "चांगलं आहे, घेऊ या" असं मीच म्हटलं. ठराव लिहायलाही घेतला.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांना जवळचं दिसत नाही. त्यांनी बाटली आठवीतल्या नातीकडे दिली आणि म्हणाल्या, "मागचं बारीक अक्षर वाच गं बाई." पोरगी अडखळत वाचू लागली. पहिलं नाव आलं मिनरल ऑइल. मग एक दुसरं वनस्पती तेल, मग परफ्यूम, आणि अगदी शेवटी शेवटी बदाम तेल. मावशींनी मला विचारलं, "ताई, हे मिनरल ऑइल कोणत्या झाडाचं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. इतिहास घेऊन बीए केलं, पण या प्रश्नाला गप्प बसले. ठराव अर्धाच ठेवला, विक्रेत्याकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांसमोर देते.

आधी बदाम कोणता, ते ठरवू. आपल्या शाळेच्या अंगणात, देवळापुढे पसरट फांद्यांचं, मोठ्या पानांचं झाड असतं. त्याची फळं दगडाने फोडून आतली बारीक गिरी आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. त्याला आपण बदाम म्हणतो, कुणी देशी बदाम, कुणी जंगली बदाम म्हणतं. पण तो हिरडा, बेहडा आणि अर्जुनाच्या कुळातला. वाण्याकडे मिळणारा बदाम वेगळा. तो जर्दाळू आणि पीच यांचा सख्खा भाऊ. त्याला हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्यात कोरडी हवा लागते. म्हणून तो आपल्याकडे होत नाही, काश्मीरमध्ये होतो. श्रीनगरला बदामवारी नावाची बाग आहे. तिथे हिवाळा सरताना बदाम फुलतो आणि लोक तो फुलोरा बघायला जातात.

या बदामाचं मूळ घर पश्चिम आणि मध्य आशिया. म्हणजे इराण, अफगाणिस्तान आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. तिथला रानटी बदाम कडू असतो, आणि तो कडूपणा विषाचा असतो. कडू बदाम चावला की त्यातून सायनाइड तयार होतं. मग माणसाने तो खायला कसा सुरू केला? कधीतरी एखाद्या झाडाच्या बीजात छोटासा बदल झाला आणि त्याला गोड बदाम आले. शेतकऱ्यांनी नेमकी तीच झाडं निवडली, पुढे लावली. हा बदल नेमका कोणत्या जनुकात झाला, ते शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये शोधून काढलं. पण चव घेऊन चांगलं झाड निवडण्याचं काम हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना केलं होतं. आपण घरात बियाणं निवडतो ना, तसंच.

बदाम आपल्या देशाला फार जुना ओळखीचा आहे. चरकसंहितेत फळांच्या यादीत 'वाताम' येतो, तोच बदाम. आपण बोलतो तो 'बदाम' शब्द मात्र फारसीतला, 'बादाम'. तो व्यापाऱ्यांबरोबर आला. बाबर बादशहाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्याच्या मुलखात कंद-ए-बादाम नावाचं गाव होतं. तिथले बदाम उत्तम, आणि ते हिंदुस्थानपर्यंत विकायला जातात, असं त्याने लिहिलं आहे. ते गाव आज ताजिकिस्तान देशात आहे आणि नावात अजून बदाम आहे.

पुढे काबूलचे पठाण पाठीवर पोतं घेऊन बदाम, पिस्ते, मनुका विकत आपल्या शहरांत फिरू लागले. रवींद्रनाथ टागोरांनी १८९२ मध्ये लिहिलेली 'काबुलीवाला' ही कथा अशाच एका सुकामेवा विकणाऱ्याची आहे. तिच्यावर पुढे सिनेमा निघाला, त्यात बलराज साहनी होते. तुमच्यापैकी काही जणींनी तो पाहिला असेल. आज मात्र आपल्या वाण्याकडचा बहुतेक बदाम ना काबूलचा, ना काश्मीरचा. तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून येतो. जगातले तीन चतुर्थांशाहून जास्त बदाम त्या एका राज्यात पिकतात, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे.

आता एक गंमत ऐका. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. त्याने लिहिलं आहे की गुजरातेत सुट्टे पैसे म्हणून कडू बदाम चालत. एका पैशाला तीस-चाळीस बदाम, असा हिशेब. ते इराणातून येत. कडूच का? तर गोड बदाम असते तर पोरांनी पैसे खाऊन टाकले असते! बदाम म्हणजे पैसा हे तेव्हा अक्षरशः खरं होतं. आणि ज्या वस्तूला पैसा असतो, तिची नक्कल निघतेच. ही गोष्ट मनात धरून ठेवा.

आता तेलाकडे येऊ. बदामाच्या गिरीत जवळजवळ निम्मं तेल असतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डायस्कोरायडीस नावाच्या ग्रीक वैद्याने औषधांचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात बदामाचं तेल आहे. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी रोममध्ये गॅलेन नावाचा वैद्य होता. त्याने मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून अंगाला लावायचं मलम केलं. आज आपण थंडीत लावतो त्या कोल्ड क्रीमचं हे मूळ. गॅलेन ऑलिव्हचं तेल वापरायचा. पुढच्या औषध करणाऱ्यांनी त्याजागी बदामाचं घेतलं, कारण ते हलकं आणि अंगात लवकर मुरणारं. इराणातला थोर हकीम इब्न सीना, जो १०३७ मध्ये वारला, त्याच्या वैद्यकग्रंथातही बदाम आणि त्याचं तेल आहे. ही युनानी विद्या हकिमांबरोबर आपल्याकडे आली. त्यात या तेलाला 'रोगन बादाम शिरीं' म्हणतात. रोगन म्हणजे तेल, शिरीं म्हणजे गोड. बघा, 'गोड' हा शब्द नावातच घातला. कारण कडू बदामाचं प्रकरण वेगळं, आणि गिऱ्हाइकाला ते कळलं पाहिजे.

इतक्या वैद्यांना हे तेल का आवडलं? त्याचे गुण साधे आहेत. त्यात ओलेइक नावाचा स्निग्ध घटक सर्वांत जास्त, साधारण साठ ते सत्तर टक्के. त्यामुळे ते पातळ राहतं. आपलं खोबरेल थंडीत दगडासारखं गोठतं, बदामाचं तेल शून्याच्या बऱ्याच खाली गेलं तरी वाहतं. १०० ग्रॅम तेलात साधारण ३९ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व असतं. ते त्वचेला जळजळ करत नाही, औषध त्यात चांगलं मिसळतं. मूळव्याधीवर डॉक्टर जे फिनॉलचं इंजेक्शन देत आले आहेत, ते बदामाच्या तेलातच बनवलेलं असतं.

आणि आता तो गुण, ज्याने माझे डोळे उघडले. खऱ्या गोड बदामाच्या तेलाला वास जवळजवळ नसतोच!

मग आम्ही सगळ्या जणींनी बाटलीला नाक लावून "बदामाचा वास" म्हटलं, तो कशाचा? तो वास कडू बदामाचा. कडू बदाम पाण्यात भिजवला की सायनाइडबरोबर आणखी एक पदार्थ सुटतो, त्याचा तो गोडसर वास. १८०३ मध्ये फ्रान्समध्ये एका औषध बनवणाऱ्याने तो पदार्थ वेगळा काढला. १८३२ मध्ये लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो पुरता तपासला. त्याला आज बेंझाल्डिहाइड म्हणतात. वास बदामापासून सुटा झाला, आणि नकलेचा रस्ता मोकळा झाला.

पहिली मोठी नक्कल लगेच आली. १८३४ मध्ये मित्शेरलिख नावाच्या शास्त्रज्ञाने नायट्रोबेंझीन तयार केलं. त्याला कडू बदामासारखाच वास, आणि किंमत कितीतरी कमी. युरोपातल्या साबणवाल्यांनी 'मिरबेनचं तेल' असं गोंडस नाव देऊन ते साबणात घातलं. पण नायट्रोबेंझीन विषारी आहे, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. लोकांना वाटत होतं, आपण बदामाचा साबण लावतोय. आज जो वास वापरतात तो बेंझाल्डिहाइडचा. तो इतका विषारी नाही, पण तोही बहुतेक कारखान्यात, पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनातून बनतो.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. मिनरल ऑइल कोणत्याच झाडाचं नसतं. ते जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाचं असतं. ज्या तेलापासून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढतात, त्याच तेलापासून शुद्ध करून हे काढतात. लेबलवर त्याला कधी 'लाइट लिक्विड पॅराफिन' असंही लिहितात. अमेरिकेत चेसब्रो नावाच्या माणसाने १८७२ मध्ये खनिज तेलापासून व्हॅसलीन करण्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून अंगाला लावायच्या वस्तूंत झाडाच्या तेलाच्या जागी खनिज तेल शिरू लागलं. कारण उघड आहे. ते स्वस्त, त्याला रंग नाही, वास नाही, आणि ते कधी खवट होत नाही. खरं बदाम तेल काही महिन्यांत खवट होतं. दुकानदाराला ते परवडत नाही.

म्हणजे मैत्रिणींनो, आमच्या हातातल्या बाटलीतलं मुख्य तेल खनिज तेलातून आलेलं, आणि वासाचाही बदामाशी फारसा संबंध नाही. चित्र तेवढं बदामाचं.

इथे मी एक गोष्ट न्यायाने सांगते. नीट शुद्ध केलेलं मिनरल ऑइल अंगाला लावलं तर ते विष नाही. लहान मुलांच्या तेलांतही ते असतं. त्याने कातडी मऊ राहते. पण त्यात ई जीवनसत्त्व नाही, आणि ते बदाम नाही. मग बदामाचे पैसे आपण का द्यायचे? आणि आपल्या शेजारणीकडून बदामाचे म्हणून आपण का घ्यायचे?

मी घरी येऊन हिशेब मांडला. तुम्हीही वहीत मांडा. लाकडी घाण्यात बदामाचं सगळं तेल निघत नाही, थोडं पेंडीत राहतं. शंभर किलो गिरीचं चाळीसेक किलो तेल धरा. म्हणजे एक लिटर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो गिरी लागली. गिरीचा भाव किलोला ८०० रुपये धरा. एक लिटरला १,८०० ते २,००० रुपयांची नुसती गिरी. १०० मिलीला १८० ते २०० रुपये. अजून घाण्याची मजुरी, बाटली, लेबल, गाडीभाडं यायचंच आहे. मग भरलेली बाटली ९० रुपयांत कशी मिळते? हा प्रश्न बैठकीत मी विचारायला हवा होता. लेबल न वाचताही हिशेबाने उत्तर कळलं असतं. कर्जाचा हप्ता पैशापैशाने मोजणाऱ्या आपण, वासाला भुललो.

हे वाचत असताना मला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवली. वर्ध्याची मगनवाडी तुम्हाला माहीत आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीत सुरू झालं. गांधीजी स्वतः तिथे राहिले, जे. सी. कुमारप्पा यांनी कामाची धुरा घेतली. तिथे झवेरभाई पटेल यांनी तेलाच्या घाणीवर खूप काम केलं आणि सुधारित घाणी तयार केली. तेव्हा गावोगावचे घाणे बंद पडत होते. गिरणीचं तेल येत होतं, आणि १९३७ मध्ये बाजारात डालडा आला. त्या लोकांचं म्हणणं साधं होतं. गावातलं बी गावात पिळलं जावं, तेल ताजं मिळावं, पेंड गावातल्या गुराला मिळावी आणि मजुरी गावातच राहावी.

माझी आजी सांगायची, घाण्यावर जवस घेऊन जायचं आणि तेल निघेपर्यंत तिथेच बसायचं. बैल फिरतोय, लाट कुरकुरतेय, तेल डोळ्यांदेखत उतरतंय. त्या तेलाला लेबल लागत नव्हतं, कारण फसवायला जागाच नव्हती. आज आपण आणि तेल यांच्यामध्ये कारखाना आहे. म्हणून लेबल वाचणं हेच आपलं घाण्यावर बसणं.

मग लेबल कसं वाचायचं? पुढचं चित्र बघू नका, बाटली फिरवा. मागे घटकांची यादी असते. ज्याचं प्रमाण जास्त ते नाव आधी आणि कमी ते नंतर लिहायचं, असा नियम आहे. बदामाचं नाव पहिलं असेल तर ते बदामाचं तेल. शेवटी असेल तर नावापुरतं. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा, नाहीतर आमच्या मावशींसारखं नातीला कामाला लावा.

आता उपयोगाचंही सांगते, कारण अर्ध्या जणी वाट बघत असतील. खरं बदाम तेल कोरड्या कातडीला, भेगाळलेल्या ओठांना, थंडीत हातापायांना चांगलं. केसांना लावलं तर ते मऊ आणि चमकदार दिसतात. जुने लोक बद्धकोष्ठाला दुधात चमचाभर घेत, पण खायला घ्यायचं तर खाण्यासाठीचं म्हणून विकलेलंच घ्यावं. त्याने रंग गोरा होतो, बुद्धी वाढते, टकलावर केस येतात, असं कुणी सांगितलं तर पाकीट मिटून ठेवा. बाळाच्या नाकात कोणतंही तेल घालू नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्याला बदाम खाऊन पुरळ येतं, सूज येते, त्याने हे तेल लावू नये. आणि बदाम खाताना एखादा कडूजहर लागला तर थुंकून टाका, पोरांना तर मुळीच देऊ नका.

एवढं महाग तेल नाही परवडत, तर मन छोटं करायचं कारण नाही. अंग चोळायला तीळ तेल आणि खोबरेल आपल्या आज्यांनी वापरलंच आहे. शेंगदाण्याच्या तेलातही ओलेइक घटक भरपूर असतो. ई जीवनसत्त्व तर करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात चांगलं असतं. आपल्या घरात जे आहे, ते कमी नाही.

शेवटची गोष्ट हिमाचलची. किन्नौरकडे रानजर्दाळूला 'चुली' म्हणतात. आपल्या चुलीशी त्याचा काही संबंध नाही. तिथले लोक फळ खाऊन झालं की आठळ्या वाळवतात, फोडतात आणि आतल्या बियांचं तेल काढतात. जर्दाळू बदामाचा भाऊ, म्हणून तेलही दिसायला-लावायला बदामासारखंच. व्यापारात जर्दाळूचं तेल बदामाच्या तेलात मिसळत आले आहेत. ते 'बदाम' म्हणून खपलंही असतं. पण त्या तेलाने आपलं नाव सोडलं नाही. 'हिमाचली चुली तेल' म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे नागपूरच्या संत्र्याला मिळालं तसंच. दुसऱ्याचं नाव न लावता स्वतःच्या नावाने मोठं होता येतं, हे त्यांच्याकडून शिकावं.

आमच्या गटाने काय केलं? पुढच्या बैठकीत मी आधी माझी चूक सांगितली. मग हा हिशेब वाचून दाखवला. एक वहिनी म्हणाल्या, "पण ताई, गिऱ्हाइकाला वासच आवडतो, आपल्याला काय?" प्रश्न खोटा नव्हता. त्यावर मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणजे माझी सूनच ना? तिला मी बदाम म्हणून रॉकेलचा भाऊ विकू?" सगळ्या हसल्या, आणि अर्धा राहिलेला ठराव खोडला. १३,५०० रुपये खात्यावरच आहेत. त्यातून जवस आणि तीळ घेऊन जवळच्या लाकडी घाण्यावर तेल काढून बघायचं, असं बोलणं चालू आहे. खायचं तेल विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि केसाचं किंवा अंगाचं तेल म्हणून विकायचं तर सौंदर्यप्रसाधनांचा वेगळा परवाना लागतो. ती चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही टाकायचा नाही, हेही लिहून ठेवलं आहे.

तर मैत्रिणींनो, तुम्हाला एक काम. घरात तेलाची जी बाटली असेल, ती पुढच्या बैठकीला घेऊन या. मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचा. ज्या नावाचा अर्थ कळणार नाही, ते आपल्या सहयोगिनीला विचारा. तिला आलं नाही तर ती शोधेल. मला शोधावं लागलं, आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही.

येते मी. नमस्कार.